मूक व्याधीचे साथीदार

१९७७ आणि १९७८ या दोन वर्षांत आयर्लंडमधील ज्या बाळंतिणींना ‘अँटी-डी’ नावाचे इंजेक्शन टोचण्यात आले, त्यांच्यापैकी एकीलाही त्या लहानशा कुपीतून आपल्या शरीरात काय शिरत आहे याची कल्पना येणे शक्य नव्हते. मातेचा रक्तगट आर-एच निगेटिव्ह आणि अर्भकाचा पॉझिटिव्ह असला, तर पुढील खेपेच्या गर्भास अपाय होऊ नये म्हणून द्यावयाचे हे इंजेक्शन आपल्या प्रसूतिगृहांतही नित्य परिचयाचे आहे. ते मानवी रक्तद्रवापासून तयार होते, आणि डब्लिन येथे बनलेल्या त्या वेळच्या काही साठ्यांत कावीळ झालेल्या एका स्त्रीचा रक्तद्रव मिसळला गेला होता. त्या काविळीस कारण झालेल्या विषाणूचा शोध लागावयास १९८९ साल उजाडावे लागले, आणि घडलेला प्रकार तेथील रक्तसंक्रमण मंडळाने जाहीर केला तो १९९४ च्या फेब्रुवारीत. तोपर्यंत त्या बाळंतिणींची मुले शाळेच्या शेवटच्या इयत्तांत पोहोचली होती.

त्यानंतर हे इंजेक्शन घेतलेल्या ६२,६६७ स्त्रियांचे रक्त तपासण्यात आले. ७०४ जणींच्या रक्तात हिपॅटायटिस सी विषाणूशी कधीकाळी झालेल्या झुंजीची खूण, म्हणजे प्रतिपिंडे, सापडली. प्रत्यक्ष विषाणू मात्र त्यांपैकी ३९० जणींच्याच रक्तात होता, आणि बाकीच्यांच्या शरीराने कोणत्याही औषधावाचून त्याला हुसकावून लावले होते. ज्यांच्या शरीरात त्याने कायमचे ठाण मांडले त्यांच्यापैकी ३७६ जणींचा सखोल अभ्यास होऊन त्याचा वृत्तान्त १९९९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सुमारे १७ वर्षे विषाणू अंगात वागवूनही, यकृताचा सूक्ष्म तुकडा काढून तपासलेल्या ३६३ स्त्रियांपैकी सिरॉसिसच्या, म्हणजे संपूर्ण यकृत व्रणमय होऊन आक्रसण्याच्या अवस्थेला पोहोचलेल्या स्त्रियांचे प्रमाण केवळ २ टक्के भरले. दाह जवळजवळ सर्वांच्याच यकृतात होता, निम्म्याहून किंचित अधिक जणींच्या यकृतात व्रणाचे तंतूही दिसत होते. परंतु विनाशाची जी अटकळ अशा प्रसंगी कोणीही बांधली असती, ती त्या मुदतीत तरी खरी ठरली नव्हती.

आता याच्या शेजारी दुसरी एक नोंद ठेवून पाहावी. १९९७ साली पॅरिसचे यकृततज्ज्ञ तिएरी प्वानार आणि त्यांचे सहकारी यांनी २,२३५ रुग्णांच्या यकृताच्या तुकड्यांची छाननी करून ‘लान्सेट’मध्ये असे दाखवून दिले की, उपचार न घेतलेल्या रुग्णास संसर्गापासून सिरॉसिसपर्यंतचा प्रवास करावयास साधारणपणे ३० वर्षे लागतात. पण ही सरासरी झाली, आणि सरासरीच्या पोटात किती भिन्न नशिबे दडलेली असतात ते त्याच लेखातील पुढील आकड्यांवरून कळते. वयाच्या चाळिशीपूर्वी संसर्ग झालेल्या आणि मद्य न घेणाऱ्या स्त्रियांत हा काळ ४२ वर्षांचा होता. चाळिशीनंतर संसर्ग झालेल्या पुरुषांत तो अवघा १३ वर्षांचा होता. एक-तृतीयांश रुग्ण वीस वर्षांच्या आत सिरॉसिसला पोहोचणार आणि जवळजवळ तितकेच निदान पन्नास वर्षे तरी पोहोचणार नाहीत, असा त्यांचा हिशेब होता. विषाणू एकच असता भवितव्यात एवढा फरक का पडावा, हा प्रश्न मला या साऱ्या रोगाच्या केंद्रस्थानी असल्यासारखा वाटतो. कारण या रोगात जीव जातो तो बहुधा एकट्या विषाणूने नव्हे, तर विषाणू आणि त्याला येऊन मिळालेले साथीदार यांच्या संयुक्त कारवाईने, आणि त्या साथीदारांपैकी कित्येक असे आहेत की ज्यांना दूर ठेवणे माणसाच्या हाती असते.

हे समजण्यासाठी यकृताच्या आत काय घडते ते थोडे पाहिले पाहिजे. हा विषाणू यकृताच्या पेशींना धडाधड मारीत सुटत नाही. तो त्यांच्यात शिरून आपल्या प्रती काढीत राहतो, आणि खरे नुकसान होते ते त्याचा पाठलाग करणाऱ्या आपल्याच संरक्षक पेशींच्या दीर्घकाळ चाललेल्या, कधीही निर्णायक न होणाऱ्या चकमकींमुळे. यकृतात तारकाकृती पेशी म्हणून एक जात असते. शांततेच्या काळी जीवनसत्त्व ‘अ’ साठवून ठेवणे हे तिचे काम. सततच्या दाहाने ती चेतवली गेली म्हणजे साठवणीचे काम सोडून ती कोलॅजन नावाचे चिवट तंतू विणू लागते. दाह थांबला तर हे विणकाम थांबते आणि काही अंशी उसवतेही. परंतु तो वर्षानुवर्षे धुमसत राहिला, तर तंतूंचे पट्टे एकमेकांना जोडले जाऊन निरोगी भागाची लहान लहान बेटे शिल्लक राहतात. त्यालाच सिरॉसिस म्हणावयाचे. एफ-० पासून एफ-४ पर्यंत या व्रणाच्या पायऱ्या मोजण्याची पद्धत आहे, आणि एफ-४ ही शेवटची पायरी होय.

या दीर्घ कालावधीत रोग्याला काय वाटते? बहुतेक वेळा काहीच नाही. फार तर थकवा, आणि थकव्याला आपल्या संसारात कारणे इतकी असतात की त्यासाठी यकृतावर संशय कोण घेणार! रक्ताचा अहवालही अनेकदा खोटा धीर देतो. ‘एसजीपीटी नॉर्मल आहे’ एवढे ऐकून रोगी आणि कधीकधी वैद्यही निश्चिंत होतात, परंतु हा आकडा त्या दिवशी किती पेशी फुटल्या एवढेच सांगतो, मागील वीस वर्षांत व्रण किती साचला ते सांगत नाही; एसजीपीटी सतत नॉर्मल असलेल्या रुग्णांतही प्रगत व्रण आढळतात. याच्या उलट, ‘व्हायरल लोड’ लाखांत आल्याचे पाहून कुटुंबेच्या कुटुंबे हवालदिल झालेली दिसतात. वस्तुतः रक्तातील विषाणूंची संख्या आणि यकृताच्या नाशाचा वेग यांचा काही भरवशाचा संबंध नाही. ज्यांना विषाणूंची संख्या माहीत आहे पण आपला व्रण कोणत्या पायरीवर आहे ते माहीत नाही, असे रुग्ण पाहिले की मला मनापासून वाईट वाटते. कारण या रोगात पहिला प्रश्न व्रणाचाच विचारला पाहिजे. त्यासाठी आता सुई टोचून तुकडा काढण्याची गरज सहसा उरलेली नाही. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट्स या चार आकड्यांवरून ‘फिब-४’ नावाचा एक अंक काढता येतो, तो १.४५ च्या खाली असला तर प्रगत व्रणाचा संभव थोडा, आणि ३.२५ च्या वर असला तर बराच. याखेरीज फायब्रोस्कॅन नावाचे यंत्र बरगड्यांवरून एक हलका ठोका देऊन यकृताचा कठीणपणा मोजते.

साथीदारांपैकी वय आणि लिंग हे दोन आपल्या अखत्यारीबाहेरचे. विशीत संसर्ग झालेल्या माणसाचे यकृत दीर्घकाळ टक्कर देते; तोच संसर्ग पन्नाशीत झाला तर व्रणाचा वेग वाढतो, कारण पेशींची पुन्हा उभे राहण्याची शक्ती आणि संरक्षक यंत्रणेची शिस्त दोन्ही वयोमानाने ओसरतात. स्त्रियांना इस्ट्रोजेनचे काहीसे संरक्षण असते, कारण तारकाकृती पेशींना चेतवण्याच्या कामी ते अडथळा आणते. ऋतुनिवृत्तीनंतर हे कवच गळून पडते आणि व्रणाचा वेग वाढतो. आयर्लंडच्या त्या स्त्रिया संसर्गाच्या वेळी सरासरी अठ्ठावीस वर्षांच्या, एरवी निरोगी आणि बहुतांशी अतिमद्यपानापासून दूर होत्या; त्यांचे भाग्य या तीन गोष्टींत होते. पण त्या वृत्तान्ताचा अर्थ ‘हा रोग सौम्य आहे’ असा लावणे चुकीचे ठरेल. पूर्व जर्मनीतही १९७८-७९ मध्ये याच प्रकारे दूषित अँटी-डी दिले गेले होते, आणि तेथील स्त्रियांत वीस वर्षांनंतर सिरॉसिस अगदी विरळा असला, तरी पस्तीस वर्षांनी केलेल्या पाहणीत विषाणू न गेलेल्यांमधील त्याचे प्रमाण अनेक पटींनी वाढलेले दिसले. काळ हाही एक साथीदारच होय, आणि तो कोणालाही वगळीत नाही.

मद्याच्या बाबतीत मात्र मला थोडे थांबून बोलावयाचे आहे, कारण माणसाच्या हाती असलेल्या गोष्टींत याइतकी निर्णायक दुसरी नाही, आणि याविषयी आपल्या घरांत आणि दवाखान्यांतही जितके अस्पष्ट बोलले जाते तितके दुसऱ्या कशाविषयी बोलले जात नसेल. प्वानार यांच्या अभ्यासात दररोज ५० ग्रॅम किंवा त्याहून अधिक मद्यार्क घेणाऱ्यांत व्रणाचा वेग स्पष्टपणे वाढलेला आढळला. ५० ग्रॅम म्हणजे किती, हे ऐकणाऱ्याला समजेल अशा भाषेत सांगणे अवश्य आहे. आपल्याकडील व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के असे छापलेले असते. त्या हिशेबाने ६० मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगात सुमारे २० ग्रॅम मद्यार्क जातो, म्हणून अडीच पेगांत ५० ग्रॅमची हद्द गाठली जाते, आणि १८० मिलिलिटरची ज्याला ‘क्वार्टर’ म्हणतात ती एक रिचवली की ती सहज ओलांडली जाते. ५ टक्क्यांच्या बिअरच्या मोठ्या दोन बाटल्यांचाही हिशेब तेवढाच. ‘मी फार पीत नाही, संध्याकाळी एक क्वार्टर, बस्स’ असे म्हणणारा मनुष्य आपल्या समजुतीने खोटे बोलत नसतो. पण हिपॅटायटिस सी असलेल्या यकृताच्या दृष्टीने तो अतिशय धोक्याच्या पट्ट्यात उभा असतो. हातभट्टीच्या दारूचे प्रमाण तर कोणी छापीतच नाही.

मद्य आणि विषाणू यांची हानी नुसती बेरजेने वाढत नाही, हे याहून गंभीर. इटलीमध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, मद्याचे प्रमाण कमी असते तोवर दोन्ही धोक्यांची बेरीज होते, आणि ते भारी झाले की गुणाकार होतो. मद्य स्वतः दाह उत्पन्न करते, पेशींत चरबी साठवते, आतड्यातील जिवाणूंची विषे यकृताकडे जाऊ देते आणि संरक्षक यंत्रणेला ढिले पाडते. म्हणजे विषाणू जे करीत असतो त्या प्रत्येक कामात ते हात घालते. यास्तव सुरक्षित अशी कोणतीही मर्यादा या रोगात सांगता येत नाही, आणि वैद्याने ‘दारू कमी करा’ असे म्हणण्यापेक्षा किती, कोणती आणि किती दिवसांआड घेता हे दरडावणीचा लवलेश न ठेवता विचारावे, असे माझे स्पष्ट मत आहे. अपमानित झालेला रोगी खरे सांगत नाही, आणि खरे न कळल्याने त्याची चिकित्सा आंधळी होते.

मद्याला कधीही न शिवलेल्या घरांत दुसरा साथीदार असतो, आणि त्याचा सुळसुळाट हल्ली आपल्या शहरांत फार झाला आहे. पोटाचा घेर, मधुमेह आणि यकृतातील चरबी यांचे जे त्रिकूट आहे, त्यामुळे विषाणूच्या व्रणाला स्वतंत्र वेग मिळतो. शिवाय विषाणू स्वतःही इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणून मधुमेहाला वाट करून देतो, त्यामुळे कोणी कोणाला आणले हे पुष्कळदा ठरवता येत नाही. आपल्या देशाला याची विशेष दखल घ्यावी लागते, कारण या विषाणूच्या प्रकारांपैकी आपल्याकडे सर्वाधिक आढळणारा तिसरा प्रकार पेशींत थेट चरबी साठवणारा म्हणून प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील एक लाखाहून अधिक माजी सैनिकांच्या नोंदींवरून २०१४ साली असे दिसले की, पहिल्या प्रकाराच्या तुलनेत तिसऱ्या प्रकारात सिरॉसिसचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी आणि यकृताच्या कर्करोगाचा सुमारे ८० टक्क्यांनी अधिक असतो. विषाणूचा प्रकार बदलणे कोणाच्या हाती नाही. परंतु वजन आणि साखर यांवर लक्ष ठेवणे आहे. रोज तीन-चार कप कॉफी पिणाऱ्यांत रोग सावकाश वाढतो असे अमेरिकेच्या एका मोठ्या अभ्यासात आढळले आहे. ते खरे असले तरी तिच्यावर विसंबून मद्याचा पेला चालू ठेवणे आत्मघातकी होय.

राहिले दुसरे विषाणू. एचआयव्हीची जोड मिळाली तर सिरॉसिस किंवा यकृत निकामी होण्याचा धोका सुमारे तिप्पट होतो. हिपॅटायटिस बीची गोष्ट अधिक नाजूक आहे: एका यकृतात दोघे असले की सी हा बीला दाबून ठेवतो, आणि औषधाने सी नाहीसा झाला की दबलेला बी उसळी घेऊ शकतो. असे काही प्रसंग प्राणघातक ठरल्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली या औषधांच्या माहितीपत्रकात ठळक इशारा छापण्याचा हुकूम काढला. उपचारापूर्वी बीची तपासणी केलीच पाहिजे, आणि त्याची लागण नसेल तर बीची लसही टोचून घेतली पाहिजे. सीवर आजही लस नाही.

सिरॉसिस झाल्यावरही मनुष्य काही काळ बरा दिसतो. आतड्यांकडून यकृताकडे येणारे रक्त, गाळाने भरलेल्या पाटात पाणी तुंबावे तसे तुंबू लागते. पाणथरी फुगते, प्लेटलेट्स घटतात, अन्ननलिकेतील शिरा तट्ट फुगतात. पुढे दरसाल अशा रुग्णांपैकी ३ ते ६ टक्क्यांच्या यकृताचा तोल सुटतो: पोटात पाणी होते, फुगलेली शीर फुटून रक्ताची उलटी होते, किंवा अमोनिया व इतर विषे मेंदूत पोहोचल्याने मनुष्य असंबद्ध बोलू लागतो, दिवसा झोपतो आणि रात्री जागतो. या शेवटच्या लक्षणाला घरचे लोक स्वभावातील बदल समजून बसतात आणि त्यात मोलाचे दिवस जातात. १ ते ५ टक्क्यांना दरसाल यकृताचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोक हा विषाणू बाळगून आहेत आणि २०२२ या एका वर्षात २ लाख ४२ हजार मृत्यू त्याच्या खाती पडले. ते बहुतांशी या शेवटच्या टप्प्यातले होत.

हे मृत्यू मनाला अधिक लागतात ते यासाठी की, हा रोग आता पूर्णपणे बरा होतो. एकेकाळी इंटरफेरॉनची इंजेक्शने वर्षभर घ्यावी लागत, रोग्याचे अंग तापाने आणि मन विषण्णतेने पोळून निघे, आणि तरी यशाची हमी नसे. २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेत सोफोसबुविर या गोळीला मान्यता मिळाली, तेव्हा बारा आठवड्यांच्या औषधाची किंमत ८४,००० डॉलर होती. पुढील काही वर्षांतच भारतीय कंपन्यांनी परवाना घेऊन बनवलेली हीच गोळी त्या किमतीच्या अत्यल्प अंशात मिळू लागली. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाखाली सरकारी उपचार केंद्रांत तपासणी आणि औषधे विनामूल्य आहेत, महाराष्ट्रातही आहेत. रोज गोळ्या, बहुधा बारा आठवडे, आणि शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक रुग्ण विषाणूमुक्त. ज्यांनी २००२ पूर्वी कधी रक्त घेतले, जे डायलिसिसवर आहेत, ज्या मुलांना थॅलेसेमियासाठी वारंवार रक्त चढवावे लागते, ज्यांनी कधी इतरांच्या सुईने नशा केली किंवा शंकास्पद दवाखान्यात पुष्कळ इंजेक्शने घेतली, त्यांनी एकदा तरी रक्त तपासून घ्यावे. आपल्याकडे कित्येकांना हा रोग कळतो तो मोतिबिंदू वा हर्नियाच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत, केवळ योगायोगाने.

पण विषाणू गेला म्हणून सिरॉसिस त्याच दिवशी जात नाही. विषाणूमुक्तीनंतर कर्करोगाचा धोका सुमारे तीन-चतुर्थांशाने कमी होतो. उरलेला धोका, विशेषतः मद्य किंवा मधुमेह सोबतीला असल्यास, वर्षानुवर्षे राहतो. म्हणून ज्यांचा व्रण शेवटच्या पायरीला पोहोचला होता त्यांनी दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी करणे चालूच ठेवले पाहिजे, आणि नेमकी हीच गोष्ट ‘आता आपण बरे झालो’ या आनंदात हातून सुटते. दुसरे असे की, एकदा बरा झालेला मनुष्य या विषाणूपासून सुरक्षित होत नाही. दूषित सुई पुन्हा टोचली तर संसर्ग पुन्हा होतो. आणि प्रतिपिंडांचा अहवाल बरे झाल्यानंतरही बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्हच येत राहतो. पुढे दात काढताना, शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत तोच अहवाल पाहून कोणी दचकला, तर औषध संपल्यानंतर बारा आठवड्यांनी केलेल्या विषाणूच्या आरएनए तपासणीचा दाखला त्याच्यापुढे ठेवावा लागतो. तेव्हा तो कागद, आणि त्याच्यासोबत आपला व्रण कोणत्या पायरीवर होता हे लिहिलेला फायब्रोस्कॅनचा कागद, दोन्ही घरच्या फाइलीत जपून ठेवावेत.